कच्चा डाख

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले तेव्हा बाबांच्या जुन्या सायकलचा दिवा बंद होता. डायनामो ठीक, बल्ब शाबूत. दिव्यापाशी तार तुटलेली. बाबांना कारखान्यात रात्रपाळी. मी ऐटीत सोल्डरिंग आयर्न काढलं.

"डाख देतेस का?" बाबांनी विचारलं. आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांना डाक म्हणजे फक्त पोस्ट! बाबा हसले, "अगं, सोल्डर!"

तारेवर थेंब टाकला. चाक फिरवलं, दिवा लागला. प्रॅक्टिकलला पैकीच्या पैकी मार्क घेणारी मी, पुन्हा तपासतेय कशाला?

सकाळी बाबा लंगडत आले. वाटेत दिवा गेला, खड्डा दिसला नाही. गुडघा फुटलेला. "खड्डाच मोठा होता," एवढंच म्हणाले.

मी थेंब पाहिला. मळकट, खडबडीत. नुसतं ओढलं तर तार सुटून हातात आली. तार न तापवताच सोल्डर टाकलं होतं. ते चिकटलं, जोडलं गेलं नाही. या वेळी तार आणि पत्ती घासून घेतली, आधी दोन्ही तापवल्या, मग सोल्डर आयर्नला नाही, तारेला लावलं. ते आपोआप आत भिनलं. या सायकलला एकच तार, परतीचा करंट फ्रेममधून. म्हणून डायनामोच्या क्लॅम्पखालचा रंगही खरवडला. हादऱ्याने तुटू नये म्हणून तार फ्रेमला बांधली.

जेमतेम 6 व्होल्ट, 3 वॅटचा मामला! संध्याकाळी बाबा निघाले. "पक्का आहे ना?" असं त्यांनी विचारलंसुद्धा नाही.

मित्रमैत्रिणींनो, व्हायव्हात 'कोल्ड जॉइंट'ची व्याख्या मी घडाघडा सांगते. पण आठवतो तो बाबांचा गुडघा.