केरिकेरीचे केम्प हाऊस



न्यूझीलंडमध्ये आज उभ्या असलेल्या युरोपीय धाटणीच्या इमारतींत सर्वांत जुने आहे ते केरिकेरी गावातले केम्प हाऊस. हे लाकडी दुमजली घर १८२१-२२ मध्ये बांधले गेले. जागा मात्र वसाहतवाल्यांनी आपल्या बळावर मिळवलेली नव्हती. १८१९ मध्ये सॅम्युअल मार्सडेन या मिशनऱ्याने न्गापुही जमातीचा प्रमुख होंगी हिका याच्याकडून सुमारे १३ हजार एकर जमीन ४८ कुऱ्हाडींच्या बदल्यात घेतली. होंगीचा कोरोरिपो हा तटबंदीचा तळ नदीकाठी, घराच्या अगदी जवळ होता. मिशनला संरक्षण होंगीचे, तर त्याला मिशनमार्फत लोखंडी अवजारे आणि व्यापार मिळे.

घर उभारले ते मिशनचे सुतार आणि माओरी कामगार यांनी मिळून. मधोमध दार, दोन्ही अंगांना सारख्या खिडक्या आणि चारही बाजूंनी उतरते छप्पर, अशी त्याची जॉर्जियन मांडणी आहे. बाहेरच्या भिंतींवर आडव्या फळ्या एकीवर एक चढवून ठोकलेल्या आहेत, म्हणजे पावसाचे पाणी आत न शिरता वरच्यावर ओघळून जाते.

घर बांधले रेव्हरंड जॉन बटलर यांच्यासाठी, पण त्यांचा मुक्काम जेमतेम दोन वर्षे टिकला. त्यानंतर जॉर्ज क्लार्क यांचे कुटुंब तिथे राहिले. १८३२ मध्ये मिशनचे लोहार व भांडारपाल जेम्स केम्प आणि पत्नी शार्लट तिथे आले. त्याच वर्षी शेजारी मिशनच्या दगडी कोठाराचे काम सुरू झाले. १८३६ मध्ये पुरे झालेले ते कोठार देशातली सर्वांत जुनी दगडी इमारत ठरते.

केरिकेरीतले मिशन पुढे ओसरले, तरी केम्प घराणे हलले नाही. घर टिकण्याचे मोठे कारण हेच. राहते घर असल्याने डागडुजी होत राहिली. १९७४ मध्ये कुटुंबाने ते ऐतिहासिक वास्तू जपणाऱ्या राष्ट्रीय न्यासाकडे सोपवले.

१९८१ च्या महापुराने नदीकाठच्या या वास्तूंना मोठा तडाखा दिला. खालच्या अंगाच्या पुलामुळे पुराचे पाणी तुंबत असे. म्हणून वळणरस्ता काढून २००८ मध्ये तो पूलच हटवण्यात आला. आता घर आणि कोठार दोन्ही लोकांना पाहता येतात.