जीपची जन्मपत्रिका

हिंगोलीला निघालो असे सांगितले की समोरचा गृहस्थ हमखास विचारतो, "औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला, की नर्सीला नामदेवांच्या?" मी दोन्हीकडे डोके टेकवून आलो हे खरे, पण गेलो होतो तो एका म्हाताऱ्या जीपच्या पोटाखाली शिरून तिचा नंबर वाचायला! मराठीच्या प्राध्यापकाने हा उद्योग कशाला करावा, असे आमच्या घरीही विचारले गेले. माझे उत्तर साधे आहे. पोथीतला मूळ पाठ कोणता आणि मागून घुसडलेला कोणता, हे ओळखण्यात ज्याचे केस पिकू लागले, त्याला लोखंडावरचा मजकूर वाचण्याचा मोह आवरत नाही. आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याला माझे हे वेड ठाऊक होते. त्याने पत्र टाकले, "सर, आजोबांची जीप एकदा पाहून जा. घरात तिच्यावरून दोन तट पडले आहेत."

फाल्गुनाचे दिवस होते. पूर्णेहून अकोल्याकडे जाणाऱ्या गाडीत बसलो. या मार्गावर पूर्वी मीटरगेजची छोटी गाडी डुलत डुलत जाई. आता रूळ रुंद झाले आहेत. वसमत मागे पडले आणि हळद शिजवल्याचा उग्र, ओलसर वास खिडकीतून आत आला. तो हिंगोलीपर्यंत सोबतीला होता. स्टेशनची पाटी अजून 'हिंगोली डेक्कन' अशीच आहे. पाट्यांचे आणि या मुलखाचे काहीतरी जुने नाते असावे. १९४८ पर्यंत इथे निजामाचा अंमल, १९५६ पर्यंत हैदराबाद राज्य, मग चार वर्षे द्विभाषिक मुंबई राज्य, १९६० पासून महाराष्ट्र; आणि परभणीपासून वेगळे होऊन हिंगोली जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी. आता इथल्या मोटारींवर एम. एच. ३८ असते. माणसे जागच्या जागी राहिली, पाट्या मात्र बदलत गेल्या.

जीप होती सेनगावच्या बाजूला, एका वाड्याच्या ढाळजेत. शेजारी हळदीची पोती. आजोबांनी तिच्यावरचे घोंगडे असे अलगद काढले, की झोपलेले मूल जागे व्हायला नको! धाकटा नातू मात्र घाईत होता. शहरातल्या कुणा दलालाने त्याला सांगितले होते, की जीप दुसऱ्या महायुद्धातली निघाली तर सांगाल ती किंमत देतो. आणि खरोखरच आतल्या फळीवर पितळेची पट्टी होती, तीवर 'विलीज' हे नाव आणि १९४३ हे साल!

मी आधी पट्टी पाहिली नाही. समोरची जाळी पाहिली. युद्धातल्या जीपच्या जाळीला उभ्या नऊ फटी असत. शांततेच्या काळात सामान्य गिऱ्हाइकासाठी जी जीप निघाली, तिला सात. इथे सात होत्या. युद्धातल्या जीपचे दिवे जाळीच्या आत बसवलेले आणि मागे वळवून इंजिनावर उजेड पाडता येईल असे बिजागरीचे. हिचे दिवे मोठे, डोळे वटारल्यासारखे. त्या जीपचे चाक डावीकडे, हिचे उजवीकडे. तिला मागे झडप नाही, हिला आहे. शिवाय हिचे बॉनेट चांगलेच उंच होते. ही ठेवण विलीज कंपनीने १९५३ मध्ये आणली आणि महिंद्रांनी तशा गाड्या पुढे वर्षानुवर्षे आपल्याकडे काढल्या. मग पट्टी? तिचे पितळ नवे कोरे, स्क्रूंच्या खाचा तकतकीत. अशा पट्ट्या विकत मिळतात. नातू जमिनीकडे पाहू लागला, म्हणून मी तो विषय तिथेच सोडला.

अमेरिकेत याच प्रकारावर मोठी उलाढाल चालते. १९६० नंतरच्या दशकात तिथे मध्यम आकाराच्या गाडीत राक्षसी इंजिन घालायची टूम निघाली. त्या गाड्यांना 'मसल कार' म्हणतात, आपण पैलवानी मोटारी म्हणू. १९७० सालच्या एका प्लिमथ बॅराकुडाचा नंबर 'बी एस २३ आर ० बी' असा सुरू होतो. यातला पहिला 'बी' म्हणजे बॅराकुडा, 'एस' म्हणजे खास दर्जाची, २३ म्हणजे दोन दारांची टपाची गाडी, शून्य म्हणजे १९७०, आणि शेवटचा 'बी' म्हणजे डेट्रॉइटजवळचा हॅमट्रॅमकचा कारखाना. सारी गंमत 'आर' या एका अक्षरात! तो असेल तर गाडीत ४२६ घन इंचांचे 'हेमी' इंजिन मुळापासून होते. तो नसेल तर तसलेच इंजिन मागाहून बसवले तरी रसिक नाक मुरडतो. मडगार्डच्या आतल्या बाजूला आणखी एक लहान पत्रा असतो; त्यावर रंग आणि बैठकीचे कापड सांकेतिक अक्षरांत लिहिलेले. साहजिकच खोटे पत्रे करणारे कारागीरही तिथे निपजले. आता जगभर सतरा अक्षर-आकड्यांचा नंबर रूढ आहे. त्यात आय, ओ आणि क्यू ही अक्षरे वापरत नाहीत, कारण ती एक आणि शून्याशी गफलत करतात. ज्याने हे ठरवले त्याने कारकुनांच्या हातची नक्कल पुष्कळ वाचली असली पाहिजे!

कारण आमचे घोडे पुढे अडले ते नेमके अशाच गफलतीवर. आजोबांना जीप विकायची नव्हती. तिची नोंद पुन्हा जिवंत करायची होती. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या, चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार न झालेल्या गाडीला 'व्हिंटेज' म्हणून मान्यता मिळते आणि आधीची नोंद असेल तर जुना नंबर कायम राहतो. तेव्हा कागद आणि लोखंड जुळायला हवे. आमच्या भागात पुष्कळ जिपांची पेट्रोलची इंजिने काढून डिझेलची बसवली गेली. म्हणून मी इंजिनापासून सुरुवात केली. पाण्याच्या पंपाजवळ ब्लॉकला एक सपाट उंचवटा असतो. रॉकेलच्या बोळ्याने तो पुसला, खडू चोळला, आणि पांढरे आकडे वर आले. वहीशी तंतोतंत जुळले! आजोबा नुसते "हां" म्हणाले. पण त्यांचा हात बॉनेटवर किती वेळ होता, ते मी पाहिले.

मग चासी. पातळ कागद ठेवून शिसपेन्सिल फिरवली. सगळे आकडे आले, फक्त शेवटून दुसरा वहीशी भांडू लागला. लोखंडात होता ८, वहीत ३. मुंबई राज्याच्या काळातल्या कुणा कारकुनाच्या टाकातली शाई तिथे बहुधा आटली असावी. इंग्रजी आठाची डावी बाजू उमटली नाही की तीन होतो.

हे ऐकताच नातवाने बोलावलेला मेकॅनिक पुढे सरसावला. "त्यात काय सर, पंच आहे माझ्याकडं. आठाची एक बाजू घासली, एक ठोका दिला, की झाला तीन. कागदावानी लोखंड करून टाकू."

त्याची कुशलता मी नाकारत नाही. परंतु चासीचा नंबर बदलणे हा गुन्हा आहे. आणि तो नसता तरी माझा हात धजला नसता. नर्सी इथून जवळच. नामदेवांच्या नावावर विष्णुदास नाम्याचे किती अभंग चढले, ते वेगळे करताना पिढ्यान्‌पिढ्या अभ्यासकांचे डोळे शिणले. कुणी तरी कधी तरी 'जुळवून टाकले', त्याचा तो परिणाम. मी हे बोलायच्या आतच आजोबा म्हणाले, "माझ्या बापानं नवी घेतली तवा ह्योच आकडा व्हता तिच्या अंगावर. चुकलं ते कागद. कागद दुरुस्त करा, तिला कामून खरवडता?"

मेकॅनिकने पंच पिशवीत टाकला. नातवाने स्वतःहून स्क्रूड्रायव्हर आणून पितळी पट्टी काढली. खाली चार छोटी भोके राहिली.

दुपारभर बसून आम्ही दुरुस्तीचा अर्ज लिहिला. मायना माझा, कारणे विद्यार्थ्याची. त्याला पेन्सिलचा ठसा टाचला आणि आठाभोवती तांबडे वर्तुळ केले. ठसे दोन घेतले होते. दुसरा मी मागून घेणार होतो. पण आजोबांनी तो आधीच चौघडी करून नोंदणीच्या वहीत, त्या चुकलेल्या तीनच्या पानाशी ठेवून दिला होता.