शेवटचें शून्य

काल्हेर हें खाडीकांठचें गांव. भिवंडीहून ठाण्यास जाणाऱ्या या वाटेवर आतां गोदामांच्या रांगा उभ्या आहेत. आमचे वडील बंधु तेथें राहतात. त्यांजकडे मुक्कामास असतां पुतण्यानें रसायनशास्त्राची वही पुढें ठेविली व विचारिलें, "काका, उत्तरांत अंक किती ठेवायचे?"

प्रश्न लहानसा, पण आम्ही मनांतून ओशाळलों. विद्यार्थिदशेंत हाच प्रश्न आम्ही कोणास विचारला नव्हता. ब्यूरेटवर दशांशाच्या खुणा असतात. दोन खुणांमधील अंतर अजमावून आणखी एक अंक घेतां येतो, अधिक नाहीं. आम्ही मात्र ऐटीनें २३.४१७ लिहिलें. गुरुजींनीं शांतपणें विचारिलें, "हा सात आपण कोठें पाहिला?" तो आम्ही पाहिलाच नव्हता.

मुलानें २.०४ ग्रॅम कॉस्टिक सोड्यास ३९.९९७ या रेणुभारानें भागून गणकयंत्रावरील ०.०५१००३८२५ हें उत्तर सबंध उतरलें होतें. आम्ही म्हणालों, "वजनांत सार्थ अंक तीन, गुणाकार-भागाकारांत सर्वांत कमी अंकांच्या संख्येनेंच उत्तर बांधलें जातें." त्यानें ०.०५१ लिहिलें. हे तर दोनच झाले! आरंभींचीं शून्यें केवळ जागा राखतात, ०.०५१० मधील शेवटचें शून्य मात्र सांगतें, कीं आमची नजर येथवर पोंचली आहे.

"मग सगळ्याच संख्या संशयित काय?"

"नाहीं. समोरच्या गोदामांत दहा-दहा किलोंनीं सरकणाऱ्या कांट्यावर माल ८६४० किलो भरला आणि गोणी १७२ निघाल्या, असें समज. गोणी मोजलेल्या आहेत, त्यांत संशय नाहीं. संशय कांट्यांत आहे. म्हणून दर गोणीस सरासरी ५०.२ किलो म्हणावें, ५०.२३२५५८ नव्हे. ॲव्होगाड्रोचा अंकहि २० मे २०१९ पासून ६०२२१४०७६ वर पंधरा शून्यें असा ठरवूनच टाकला आहे. पण त्यामुळें आपला तराजू सूक्ष्म होत नाहीं."

"आणि दर पायरीस छाटीत जावें?"

तेंहि नको. मधल्या पायऱ्यांवर एक-दोन अंक अधिकच बाळगावे, छाटणी शेवटीं एकदांच करावी. नाहींतर लहान लहान चुका सांठत जातात. बेरीज-वजाबाकींत तर सार्थ अंक मोजावयाचे नसून दशांशस्थळें पाहावयाचीं.

न पाहिलेलें लिहिणें ही जशी लबाडी, तसें पाहिलेलें गाळणें हीहि एक अप्रामाणिकताच. पुतण्यानें वही ओढून घेतली, ०.०५१ च्या पुढें एक ठसठशीत शून्य काढलें आणि आमच्याकडे पाहिलें. आम्ही मान डोलाविली. तो आमचा सात त्या क्षणीं पुन्हा आठवला.