मिरजेच्या तंबोऱ्यातला गंधार

बेळगावहून निघालेली गाडी घटप्रभा, रायबाग, कुडची करत कृष्णा ओलांडते आणि मिरज जवळ येते. आपल्याकडची माणसे तिथे जातात ती दवाखान्यासाठी, दर्ग्यासाठी नाहीतर पुढची गाडी पकडायला. तासभर मोकळा असेल, तर सतारमेकर गल्लीत जरूर जावे. शस्त्रांना धार लावणारी शिकलगार घराणी एकोणिसाव्या शतकात इथे तंतुवाद्ये घडवू लागली. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले.

दुकानांत टांगलेले भोपळे पाहून झाले, की एखादा कारागीर जवारी काढत असेल तिथे थांबावे. घोडीवर तारेखालचा सुताचा दोरा तो केसभर सरकवतो आणि तार एकदम बोलू लागते. खर्जाच्या तारेतून ‘सा’बरोबर गंधारही ऐकू येतो. तो कुणी छेडलेला नसतो, म्हणून त्याला स्वयंभू गंधार म्हणतात.

सेकंदाला २४० कंपनांचा ‘सा’ धरला, तर त्या सप्तकात हा गंधार ३०० कंपनांचा. आपल्या घरच्या पेटीवर मात्र तो सुमारे ३०२.४ भरतो. पंचमात फरक जेमतेम, ३६० ऐवजी ३५९.६. गंधार मात्र तंबोऱ्याशी जुळत नाही, चढा लागतो.

याचे मूळ युरोपात आहे. शुद्ध पंचमाच्या बारा पायऱ्या चढल्या, की आपण सात सप्तकांच्या किंचित पुढे जातो. हा वाढावा कुठेतरी जिरवावाच लागतो. पूर्वी तिथले वाद्य लावणारे तो असमान वाटत. त्यामुळे काही पट्ट्या गोड, काही कर्कश, आणि प्रत्येकीचा रंग निराळा. बाखने १७२२ मध्ये चोवीसही पट्ट्यांसाठी रचना केल्या, पण त्या नेमक्या कोणत्या जुळणीसाठी, यावर अभ्यासकांचा वाद आजही आहे. एकोणिसाव्या शतकात पियानो बारा समान भागांकडे वळला. सगळ्या पट्ट्या चालू लागल्या आणि सगळेच गंधार थोडे चढले. १८४२ साली पॅरिसमध्ये पेटंट झालेले हार्मोनियम पुढे आपल्याकडे आले, ते हीच वाटणी घेऊन.

इथेही वाद पेटला. मिरजेशेजारच्या सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिले. न्यायाधीश क्लेमंट्स यांच्या साथीने श्रुतींची पेटी पुढे आली. मिरजेत स्थायिक झालेले अब्दुल करीम खाँसाहेब या प्रयोगांत त्यांच्याबरोबर होते. १९४० मध्ये आकाशवाणीने पेटीवर बंदीच घातली. ती सैल झाली १९७१ च्या सुमारास.

राग गाताना मध्येच ‘सा’ बदलत नाही. मग समान वाटणीचा हा तोटा आपण का सोसावा? कारण एकच पेटी काळी एकच्या गायकालाही चालते आणि काळी चारच्या गायिकेलाही. बेळगावात रामभाऊ विजापुरे यांच्यासारख्यांनी पेटीवर पिढ्या घडवल्या, हेही विसरता येत नाही. पेटी मोडीत काढा, असे म्हणणे नाहीच.

प्रश्न मुलांच्या कानाचा आहे. कन्नडमध्ये आपण सहज म्हणतो, ‘श्रुती सेरबेकु’. पण क्लासला जाणारी मुले पहिल्या दिवसापासून पेटीच्या पट्टीवरच गंधार शोधतात. पालकांनी एवढे करावे : रोज पेटी उघडण्याआधी मुलांना दहा मिनिटे तंबोऱ्याजवळ बसवावे. खर्जातला गंधार त्यांना ऐकू आला, की पेटीवरचा किती चढा आहे, ते मुलेच आपल्याला सांगतील.