थंडीपावसाचा झगा

संत पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटच्या अध्यायात एक अगदी घरगुती निरोप आहे. त्रोवस येथे कार्पाच्या घरी राहिलेला आपला झगा येताना घेऊन ये, असे तो सांगतो. आणि काही ओळींनंतर, हिवाळ्यापूर्वी येण्याचा होईल तितका प्रयत्न कर, अशी विनवणी करतो. मृत्यू समोर उभा असलेला हा प्रेषित तुरुंगाच्या गारठ्यात आपल्या झग्याची आठवण काढतो. भाष्यकार या ओळीवर फारसे रेंगाळत नाहीत. मूळ ग्रीक पत्रात झग्यासाठी जो शब्द आहे, तो रोमन प्रवासी थंडीपावसात पांघरीत असत त्या जाड, गळ्यातून घालायच्या वस्त्राचा आहे. मिस्सा अर्पण करताना धर्मगुरू सर्वांत वर जे वस्त्र घालतो, ते याच प्रवासी झग्यापासून कालांतराने घडत आले. साक्रामेंताच्या आशीर्वादाच्या वेळी जो कोप घालतात, त्याचे लॅटिन नाव तर ‘प्लुविआले’, म्हणजे सरळसरळ पावसाचे वस्त्र. तेव्हा धर्मगुरूने रेनकोटाविषयी लिहावे यात वाचकांना वावगे वाटू नये. इतिहासाच्या दृष्टीने पाहता आम्ही दर रविवारी वेदीजवळ उभे राहतो ते रेनकोट घालूनच.

लिहिण्याचे निमित्त मात्र व्यावहारिक आहे. आमच्या धर्मग्रामातून दरवर्षी काही मुलेमुली शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी कॅनडाला, इंग्लंड-आयर्लंडला जातात. निघण्यापूर्वी आशीर्वादासाठी येतात, आणि आशीर्वाद झाल्यावर आई हळूच विचारते, “फादर, जाकीट कुठलं घ्यावं?” आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील मेयो परगण्यात आम्ही तीन हिवाळे सेवाकार्य केले आहे, हे त्या माउलींना ठाऊक असते. तेव्हा दर वेळी तोंडी सांगतो तेच येथे सविस्तर मांडीत आहोत.

पहिली गोष्ट अशी की थंडी एका जातीची नसते. एडमंटन किंवा विनिपेगची थंडी शून्याच्या खाली वीस-तीस अंश उतरते, पण ती कोरडी असते. तेथे पिसे भरलेले जाडजूड जाकीट उत्तम. मेयोतील थंडी पाच-सात अंशांची, आकड्यात पाहिली तर सौम्यच. पण अटलांटिकवरून येणारा वारा, त्यासोबत आडवा येणारा पाऊस आणि पाऊस नसेल तेव्हा हवेतच लोंबकळणारे दवबिंदू यांमुळे ती हाडात शिरते. अशा ठिकाणी पिसांचे जाकीट भिजले की पिसांचा लगदा होतो आणि ऊब संपते. व्हँकुव्हरला जाणाऱ्याने मेयोचा सल्ला ऐकावा, विनिपेगला जाणाऱ्याने ऐकू नये.

दुसरी गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाहीत. पाऊस बाहेर ठेवणे ही कठीण बाब नव्हेच. ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉश यांनी दोन कापडांच्या मध्ये रबराचा थर बसवून १८२३ साली त्याचे पेटंट घेतले, तेव्हाच तो प्रश्न बहुतांशी सुटला होता. कठीण आहे ते आतला घाम बाहेर जाऊ देणे. रबरी कोट घालून चढण चढणारा माणूस पावसाने नव्हे, स्वतःच्या घामाने भिजतो. आणि चालणे थांबले की तोच घाम बर्फासारखा गार होतो. डोंगरात माणसे गारठतात ती पुष्कळदा अशी.

या कोड्याचे प्रसिद्ध उत्तर १९६९ साली अमेरिकेत सापडले. विल्बर्ट गोर यांच्या कारखान्यात त्यांचा मुलगा रॉबर्ट टेफ्लॉनच्या तापवलेल्या कांड्या हलक्या हाताने ताणून पाहत होता, त्या तुटत. शेवटी त्याने एक कांडी जोराने हिसका देऊन ओढली आणि ती न तुटता कितीतरी पट लांबली. या ताणलेल्या टेफ्लॉनच्या पातळ पडद्यात अतिसूक्ष्म छिद्रे असतात. पाण्याच्या थेंबापेक्षा ती वीस हजार पटींनी लहान आणि वाफेच्या रेणूपेक्षा सातशे पटींनी मोठी, असे कंपनी सांगते. थेंब आत येत नाही, वाफ बाहेर जाते. १९७६ पासून ‘गोर-टेक्स’ या नावाने हे कापड बाजारात आहे आणि आज नावाजलेल्या बहुतेक जाकिटांत हा किंवा याच्या जातीचा पडदा असतो.

हे उत्तर खरे आहे, पण त्याला अटी आहेत. वाफ बाहेर जाते ती आत ऊब व दमटपणा अधिक आणि बाहेर कमी असेल तरच. म्हणून आपल्याकडे आषाढात, जेव्हा बाहेरची हवाच उबदार आणि पाण्याने जड असते, तेव्हा हे महागडे जाकीट घामाच्या पिशवीहून फार वेगळे राहत नाही. वसईच्या पावसासाठी ते घेऊ नये, छत्री बरी. दुसरी अट बाहेरच्या कापडाची. पडदा नाजूक असल्याने त्यावर नायलॉनचे कापड चिकटवलेले असते आणि त्या कापडावर पाणी न धरणाऱ्या द्रव्याचा लेप असतो. लेप ताजा असेतो पाऊस मोत्यांसारखा घरंगळतो. मळाने, धुराने, घामाने तो उतरला की वरचे कापड चिंब होते. पडद्यातून थेंबही आत आलेला नसतो, पण वाफेची वाट बंद होते.

क्रो पॅट्रिक हा मेयोतील ७६४ मीटर उंचीचा डोंगर. संत पॅट्रिक यांनी तेथे चाळीस दिवस उपवास केला अशी परंपरा आहे, आणि जुलैच्या शेवटच्या रविवारी हजारो यात्रेकरू, काही अनवाणी, तो चढतात. वरच्या टप्प्यात सुट्या दगडांचा उभा उतार आहे. माणूस दोन पावले चढतो आणि एक घसरतो. माथ्यावरील चॅपेलपर्यंत जाकिटाची जी परीक्षा होते ती कोणत्याही प्रयोगशाळेत होत नसेल. आमच्या अंगात तेव्हा एका दानशूर कुटुंबाने दिलेले पडद्याचे जाकीट होते. त्यावरील चिठ्ठीत वीस हजार मिलिमीटर असा आकडा होता. म्हणजे वीस मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ पेलण्याची ताकद. पावसाचा भार एवढा कधीच नसतो! माथ्यावर पोहोचलो तेव्हा बाहेरून जाकीट ओल्या फडक्यासारखे लोंबत होते आणि आतून सदरा पिळून काढावा इतका भिजला होता. शेजारी एक आयरिश शेतकरी मेण चोळलेल्या सुती कोटात उभा होता. तोही ओला होता, पण त्याला निदान आकड्याने आशा दाखवली नव्हती.

त्या मेणकोटाविषयी थोडे. तो जड असतो, थंडीत कडक होतो, त्याचा वास येतो आणि घाम त्यातूनही धड जात नाही. पण काट्याकुट्यांत फाटत नाही, फाटला तर ठिगळ लावता येते, आणि दरवर्षी मेण चोळले की वीस-तीस वर्षे टिकतो. गुरे हाकण्यासाठी उत्तम, डोंगर चढण्यासाठी नव्हे.

आता त्या लेपाकडे परत येऊ, कारण खरा प्रश्न तेथे आहे. पाणी आणि तेल दोन्ही दूर ठेवणारा लेप अनेक दशके फ्लोरिनयुक्त रसायनांपासून बनत आला. कार्बन आणि फ्लोरिन यांची गाठ इतकी घट्ट असते की ऊन, पाऊस, माती, जंतू कोणीही ती सोडवू शकत नाही. म्हणून ही रसायने नष्टच होत नाहीत. पाण्यात उतरतात, पाण्यातून रक्तात साठतात. त्यांपैकी पीएफओए या रसायनाचा समावेश २०१९ साली स्टॉकहोम कराराच्या बंदीच्या यादीत झाला आणि २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला माणसात कर्करोग घडविणारे म्हणून घोषित केले.

उत्तर इटलीत विचेंझाजवळ त्रिसिनो नावाचे गाव आहे. कापडगिरण्यांच्या त्या मुलखात मितेनी नावाचा कारखाना अशी रसायने बनवीत असे. तेथून ती जमिनीखालच्या पाण्यात झिरपली. २०१३ साली हे उघडकीस आले तेव्हा सुमारे साडेतीन लाख लोकांच्या नळाचे पाणी दूषित झालेले होते. मुलांच्या रक्ताचे अहवाल हातात पडल्यावर तेथील आया रस्त्यावर आल्या. त्या मुलखात प्रत्येक गावाच्या मधोमध चर्चचा मनोरा आहे. मोर्चात चालणाऱ्या पुष्कळ जणी दर रविवारी मिस्सेला बसणाऱ्या, आपल्या धर्मग्रामातल्या मातांसारख्याच. कारखान्याचे २०१८ साली दिवाळे वाजले आणि २०२५ च्या जूनमध्ये विचेंझाच्या न्यायालयाने अकरा जणांना दोषी ठरवून शिक्षा सुनावली.

हे इटलीचे रडगाणे आपण का ऐकावे? कारण त्या कारखान्याची यंत्रसामग्री लिलावात विकली गेली आणि ती आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात, लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीत आली. जुन्या मालकाचे पाप नव्या मालकाच्या माथी मारणे न्यायाचे नव्हे, आणि आम्ही ते करीत नाही. पण लोट्याच्या सांडपाण्याविषयी दाभोळ खाडीचे मच्छिमार वर्षानुवर्षे गाऱ्हाणे घालीत आले आहेत. यंत्रे समुद्र ओलांडून येतात तेव्हा त्यांच्याबरोबर त्या मातांची कहाणीही यावी, एवढे तरी आपण मागू शकतो. निर्गमाच्या बाविसाव्या अध्यायात गहाण ठेवलेले पांघरूण सूर्यास्तापूर्वी परत करण्याची आज्ञा आहे, कारण गरिबाला रात्री दुसरे काही नसते. एकाचे अंग कोरडे राहावे म्हणून दुसऱ्याच्या विहिरीचे पाणी गहाण पडावे, हे त्या आज्ञेत कोठे बसते? जाकिटे हे या विषाचे एकमेव मूळ नाही. आग विझविण्याचा फेस, न चिकटणारे तवे, आणखी कितीतरी वस्तू आहेत. पण तवा माणूस गरजेपोटी घेतो. डोंगरावरच्या हौसेसाठी घेतलेल्या वस्तूला अधिक काटेकोर हिशेब लागू व्हावा, असे आम्हांला वाटते.

बाजार बदलतो आहे हेही सांगितले पाहिजे. गोर कंपनीने २०२२ पासून फ्लोरिनविरहित नवा पडदा आणला. कॅलिफोर्निया व न्यूयॉर्क या राज्यांनी २०२५ च्या आरंभापासून अशा रसायनांच्या कपड्यांवर निर्बंध घातले, फ्रान्सने २०२६ पासून. नवे लेप पाणी दूर ठेवतात पण तेल आणि मळ तितके नाही, त्यामुळे जाकीट अधिक वेळा धुवावे लागते. हा तोटा आम्हांला पत्करण्यासारखा वाटतो.

क्रो पॅट्रिकनंतरच्या हिवाळ्यात आम्हांला जे जाकीट मिळाले त्यात पडदाच नव्हता. ‘पारामो’ हे त्या इंग्रजी कंपनीचे नाव. अँडीज पर्वतातील थंड, ओलसर पठारांना स्पॅनिशमध्ये पारामो म्हणतात. याची युक्ती जनावराच्या केसाळ कातडीची आहे. आतला विणलेला थर अंगाकडे दाट आणि बाहेरच्या बाजूस सैल असतो. तो पाण्याला सतत बाहेर ढकलतो, वाफेलाच नव्हे तर घामाच्या थेंबालाही. लेप फ्लोरिनचा नाही. आमच्या धनगरांची घोंगडी याच तत्त्वावर पाऊस झेलीत आली आहे; लोकरीतील तेल आणि केसांची दाटी यांवरच तिची मदार. अर्थात अशा जाकिटाच्याही मर्यादा आहेत. ते उबदार असल्याने उन्हाळ्यात नकोसे होते, वजनाला थोडे जास्त भरते, आणि जेथे दाब पडतो तेथे, म्हणजे पाठपिशवीच्या पट्ट्यांखाली, मुसळधार पावसात ओल जाणवू शकते. पण चढण चढून माथ्यावर थांबल्यावर सदरा कोरडा, हा अनुभव आम्हांला त्यातच प्रथम आला.

त्या जाकिटाचा दुसरा गुण आम्हांला नंतर कळला. कोलंबियाची राजधानी बोगोटा येथे सिस्टर एस्थर कास्तान्यो या व्रतस्थ भगिनीने १९७७ साली मिकेलिना नावाची संस्था सुरू केली. ती ज्या संघाची, त्याची स्थापना माद्रिद येथे संत मारिया मिकाएला यांनी देहविक्रयात सापडलेल्या स्त्रियांसाठी केली. संत मिकाएला स्वतः १८६५ साली वालेन्सिया येथे पटकीच्या साथीत रुग्णांची शुश्रूषा करताना मरण पावल्या. सिस्टर एस्थर यांनी रस्त्यावरच्या बायकांना उपदेश करण्याऐवजी शिवणयंत्र दिले. १९९२ पासून पारामोची जाकिटे तेथे शिवली जाऊ लागली. पावसाच्या जाकिटाची शिवण हे सोपे काम नव्हे. खांद्याला, टोपीला एक टाका चुकला तरी पाणी आत येते. ज्यांना जगाने टाकाऊ ठरवले त्या हातांवर डोंगरातला माणूस आपला जीव सोपवतो. आम्ही ते जाकीट घालून आजाऱ्यांना प्रभुभोजन नेत असू. त्याच्या आतल्या खिशात, कोरड्या जागी, ती डबी असे.

आता आईच्या प्रश्नाचे उत्तर. ओल्या थंडीत जायचे असेल तर चिठ्ठीवरचे आकडे पाहण्याआधी टोपी घालून मान डावीकडे-उजवीकडे फिरवावी. टोपी मानेबरोबर फिरली पाहिजे, नाहीतर रस्ता ओलांडताना मूल टोपीच्या आतले अस्तर पाहील, मोटार नव्हे. आत लोकरी स्वेटर मावेल इतके सैल घ्यावे. काखेत चेन असल्यास उत्तम. फ्लोरिनविरहित आहे का, हे विचारावे; विचारणारे वाढले की दुकानदार उत्तर शिकून ठेवतो. नवे पडद्याचे जाकीट तीनशे-चारशे पौंडांना पडते; एवढे पैसे नसतील तर तेथील धर्मादाय दुकानांत जुनी चांगली जाकिटे मिळतात, त्यांत कमीपणा नाही. आणि धुवावे. मळेल म्हणून न धुण्याची आपल्याकडची सवय येथे उलटी पडते. साध्या डिटर्जंटने किंवा कापड मऊ करणाऱ्या द्रव्याने नव्हे, तर त्यासाठी मिळणाऱ्या साबणाने, दोनदा खळबळून. नंतर लेपाचे नवे पाणी द्यावे आणि चिठ्ठीत सांगितले असेल तितक्याच उष्णतेवर वाळवावे. मग नळाखाली बाही धरून पाहावी, थेंब घरंगळतात का.