बारोदरसे

पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही शर्यत नाही, हे मी घरी किती वेळा सांगितलं असेल त्याचा हिशेब नाही. तरी परत आल्यावर पहिला प्रश्न आलाच, "कितवा आलास?" १८९१ साली पिएर जिफार या पत्रकाराने 'ल पती जुर्नाल' या वर्तमानपत्रातर्फे ती भरवली तेव्हा ती शर्यत होती आणि शार्ल तेराँ ती ७१ तासांत जिंकला. पुढे शर्यत बंद पडली, हौशी लोकांची 'ब्रेव्हे' तेवढी उरली. दर चार वर्षांनी ऑगस्टमध्ये जगभरचे सायकलवाले पॅरिसजवळ जमतात, अटलांटिकच्या काठावरच्या ब्रेस्टला जातात आणि परत येतात. १२०० किलोमीटर, ९० तास. जेवण, झोप, पंक्चर, रडणं, सगळं त्या ९० तासांत बसवायचं.

त्यासाठी त्याच वर्षी २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरच्या ब्रेव्हे पुऱ्या कराव्या लागतात. बंगळुरात हे तसं सुखाचं काम. शहर ९०० मीटर उंचीवर, हवा बरी. पहाटे निघून होसूरच्या नाहीतर हैदराबादच्या महामार्गाला लागायचं आणि सरळ जात राहायचं. रात्री दोनलासुद्धा कुठेतरी ढाबा जागा असतो, चहा मिळतो. चढ म्हटला की नंदी, आणि नंदी एकदा चढली की संपते. ब्रिटनीचं उलट आहे. डोंगर म्हणावा असा डोंगर नाही, पण सपाटीही नाही. चढ, उतार, वळण, चर्च, पुन्हा चढ. जाऊन-येऊन चढणीची बेरीज ११ हजार मीटरच्या वर जाते. आणि रात्री गावं बंद म्हणजे खिडक्यांच्या लाकडी झडपांसकट बंद.

२०१९ साली १८ ऑगस्टच्या रविवारी संध्याकाळी आम्ही रांबुयेहून सुटलो. सहा हजारांवर माणसं, पंधरा-पंधरा मिनिटांनी सोडलेले घोळके. भारतातून आलेलेही पुष्कळ. त्यांतल्या बहुतेकांना त्या वर्षी ती पुरी करता आली नाही. माझ्याबरोबर जयनगरचा एक सोबती होता. कन्नड माणूस, माझ्याच वयाचा. आमची आपसातली भाषा म्हणजे बंगळुरी खिचडी : बेत इंग्रजीत, शिव्या हिंदीत, खाणंपिणं कन्नडमध्ये. तो मला 'मगा' म्हणतो. शब्दाचा अर्थ मुलगा, पण बंगळुरात मित्राला तसंच हाक मारतात.

सोमवारी दिवसभर पश्चिमेचा वारा तोंडावर होता. लूदेआकला, म्हणजे साधारण ४४५ किलोमीटरवर, रात्री एका हॉलच्या जमिनीवर दोन तास पडलो आणि मध्यरात्रीनंतर पुन्हा निघालो. हा मंगळवार. बाकीचे तीन दिवस मला तुकड्यातुकड्यांनी आठवतात. मंगळवार सलग आठवतो.

थंडी चार-पाच अंशांवर आली असावी. बंगळुरात डिसेंबरमध्येही एवढं होत नाही. घामाने भिजलेला अंगरखा उतारावर बर्फासारखा लागायचा. माझ्या मागच्या चाकावरचं सगळ्यांत मोठं दातेरी चक्र २८ दात्यांचं. त्याहून हलका गिअर नाही. पहिल्या रात्रीपासून चेन बहुतेक तिथेच होती. कधी सुरू झालं कळलं नाही, पण पायांच्या ठेक्यावर मी अठ्ठावीसचा पाढा म्हणत होतो. आजोबांनी घोकून घेतलेला, जुन्या वळणाचा : अठ्ठावीस दुणे छप्पन्न, त्रिक चौऱ्याऐंशी, चोक बारोदरसे, पाचे चाळासे. एकशे बारा नव्हे, बारोदरसे. हा शब्द तीस वर्षांत मी उच्चारला नव्हता. घरात मराठी आहे, पण हिशेब सगळा इंग्रजीत. मुलांना तर एकोणसाठ म्हणजे किती हे विचारावं लागतं. त्या रात्री मात्र इंग्रजी कारे गाव येण्याआधीच गळून गेली. एका अनोळखी इटालियनाने काहीतरी विचारलं, त्याला मी "हो ना" म्हणालो. त्याचंही समाधान झालेलं दिसलं.

सोबत्याची इंग्रजी माझ्याआधी गेली होती. "चळि, मगा," तो म्हणायचा. थंडी. मी म्हणायचो, "आलं आता, आलंच." तो कन्नडमध्ये, मी मराठीत, आणि बराच वेळ दोघांच्याही हे लक्षात आलं नाही.

कारेनंतर रॉक त्रेव्हेझेलचा चढ लागतो. ३५० मीटरच्या आसपास उंची, नंदीपुढे काहीच नाही. पण लांबलचक, उघडा माळ, झाड नाही, धुक्यात अर्धा बुडालेला टीव्हीचा मनोरा. वर पोचेपर्यंत मागे त्याचे दात वाजताना ऐकू येत होते. मग ते थांबले. कुडकुडणं थांबतं ते दर वेळी ऊब आली म्हणून नव्हे. अंगातलं बळ संपलं की शरीर तेही सोडून देतं. निघण्याआधी एका डॉक्टर मित्राने हे बजावलं होतं, आणि जीभ जड झाली तर पुढे जाऊ नका हेही. मी सायकल आडवी घातली आणि म्हणालो, आकडे म्हण, दहापर्यंत. त्याने माझ्याकडे पाहिलं. "ओंदु, एरडु, मूरु..." पाचावर अडकला. पुन्हा एरडुवर गेला. पुन्हा पाच. सहा काही येईना. ज्या भाषेत आईने त्याला बोटं मोजायला शिकवली, त्या भाषेतला सहा.

उतारावरून सायकली हातात धरून चालत निघालो. चढून जी ऊब आली असती तीही नाही. अर्ध्या तासाने रस्त्याकडेला एक घर, दारात टेबल, थर्मास. या वाटेवर अशी टेबलं पुष्कळ. लोक रात्रभर बसून सायकलवाल्यांना कॉफी देतात, पैसे घेत नाहीत. टेबलामागच्या म्हातारबाई ऐंशीच्या घरातल्या असाव्यात. त्यांनी सोबत्याचा चेहरा पाहिला आणि मला काही बोलूच दिलं नाही. स्वयंपाकघरात नेऊन ओला अंगरखा काढला, घोंगडीसारखं जाड पांघरूण घातलं, साखर घातलेली कॉफी चमच्याने पाजायला लागल्या. नवऱ्याशी त्या बोलत होत्या ती फ्रेंच नव्हती. ब्रेतों. शाळेत ही भाषा बोलली म्हणून शिक्षा झालेली पिढी अजून हयात आहे. नंतर कुठेतरी वाचलं की ब्रेतोंमध्ये अठराला 'तीन सहा' अशा अर्थाचा शब्द आहे. आजोबांना आवडला असता.

तासाभराने तो पुन्हा कुडकुडायला लागला. इतकं चांगलं कुडकुडणं मी पाहिलेलं नाही. डोळे उघडून म्हणाला, "साकु." पुरे. मग माझ्या घड्याळाकडे बोट करून, "होगु, मगा." जा. बाईंच्या नवऱ्याने खुणेने सांगितलं, दुपारी मी याला गाडीने लांदेर्नोला सोडतो, तिथून रेल्वे आहे. मी आणखी पाच मिनिटं बसलो. तो झोपला होता, ओठ लाल झाले होते. निघालो.

ब्रेस्टमध्ये शिरताना एलॉर्न नदीवरचा जुना पूल लागतो, १९३० चा. आता त्यावर मोटारी नाहीत. सगळे तिथे फोटो काढायला थांबतात. माझा फोन वाजला. जयनगरहून त्याची बायको. आमच्या नोंदी घरी बसून दिसतात. तिच्या पडद्यावर तो कारेपाशी अडकला होता आणि मी मात्र पुढे सरकत होतो. "एल्लिद्दारे?" कुठे आहेत ते? मला कन्नड आठवेना. तिला मराठी येत नाही आणि इंग्रजीचा एकही शब्द माझ्या तोंडात येईना. खाली पाणी चकाकत होतं, मागून येणारे घंटी वाजवत होते. शेवटी आलं, "ऊट माडि मलगिद्दारे." जेवून झोपलेत. चमच्याने पाजलेल्या कॉफीला मी जेवण म्हणालो. ती थोडा वेळ काही बोलली नाही, मग तिने मला विचारलं, "नीवु?" तुम्ही?

परतीचे ६०० किलोमीटर झाले. गुरुवारी रांबुयेला पोचलो तेव्हा ९० तासांत थोडी मिनिटं शिल्लक होती.

म्हातारबाईंनी पैसे घेतले नव्हते, कागदावर पत्ता लिहून दिला होता आणि हाताने चौकोन करून दाखवला होता : कार्ड पाठवा. सप्टेंबरात आम्ही दोघे जीपीओत गेलो. लालबागच्या काचघराचं कार्ड. मी अर्ध्या भागात मराठीत लिहिलं, त्याने उरलेल्यात कन्नडमध्ये. त्यांना यातलं एक अक्षर वाचता येणार नाही हे दोघांनाही माहीत होतं. खाली जागा उरली तेव्हा त्याने ओंदुपासून हत्तुपर्यंत आकडे अक्षरांत लिहिले. काउंटरवरच्या बाईंनी कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं आणि परदेशासाठी वेगळं तिकीट लागेल म्हणाल्या.