तोंडाने घ्यायचे सलाईन

१९७१ साली पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या पश्चिम बंगालमधील छावण्यांत पटकी शिरली, तेव्हा तेथील वैद्यकव्यवस्था जवळजवळ कोलमडलीच. सीमेलगतच्या बनगावच्या रुग्णालयात या रोग्यांसाठी दोन खोल्या आणि सोळा खाटा होत्या. उरलेले रोगी जमिनीवर पडून. त्यांना सुई टोचायची तर ओकारी-जुलाबांच्या थारोळ्यातच गुडघे टेकावे लागत. कलकत्त्याच्या जॉन्स हॉपकिन्स संशोधन केंद्रातून तेथे गेलेले बालरोगतज्ज्ञ डॉ. दिलीप महालनबीस यांना दोन दिवसांतच उमगले, की ही लढाई हरत चालली आहे. शिरेतून द्यायचे द्रव अपुरे होते आणि ते देऊ जाणणारे हात त्याहूनही थोडे.

साखर आतड्यातून शोषली जाताना आपल्याबरोबर मीठ आणि पाणी नेते, हे शास्त्राला तोवर ठाऊक झाले होते. परंतु त्याचा वापर रुग्णालयात, तज्ज्ञांच्या नजरेखालीच व्हावा, असा दंडक होता. महालनबीसांनी तो मोडला. कलकत्त्यात केंद्राच्या ग्रंथालयाच्या खोलीत ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा तोलून प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरला जाऊ लागला. (ग्रंथालयाचा याहून थोर उपयोग क्वचितच झाला असेल!) एका लिटरला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम सोडा. बनगावला ते पिपांतील पाण्यात विरघळवून नातलगांच्या हाती पेल्यांतून दिले जाई. आई लेकराला, भाऊ भावाला घोट घोट पाजत राही. साथ आली की आप्तांना रोग्यापासून तोडायचे, ही शासनाची जुनी रीत. पुण्याने १८९७च्या प्लेगात ती पुरेपूर सोसली होती. येथे आप्तच शुश्रूषेचे मनुष्यबळ ठरले.

परंतु लोकांना हे पटावे कसे? मीठ-साखरेचे पाणी म्हणजे घरगुती उपाय. त्याला औषध कोण म्हणणार? तेव्हा त्याला नाव दिले गेले ‘ओरल सलाईन’, तोंडाने घ्यायचे सलाईन. शिरेतून दिल्या जाणाऱ्या द्रवाचे हे नाव लोकांच्या परिचयाचे होते आणि त्या नावाबरोबर रुग्णालयाची सारी प्रतिष्ठा त्या पेल्यात उतरली. शब्दाचे हे सामर्थ्य साहित्याच्या अभ्यासकांनी ध्यानी घ्यावे असे आहे. शास्त्र तेच होते, विश्वास नावाने मिळवला.

सुमारे आठ आठवड्यांत साडेतीन हजारांहून अधिक रोग्यांवर उपचार झाले. मृत्यूचे प्रमाण शेकडा तीसच्या घरातून ३.६ वर आले. वैद्यकविश्वाने मात्र सहजासहजी मान डोलावली नाही. हा अहवाल १९७३मध्ये प्रसिद्ध झाला आणि ‘लॅन्सेट’ने या उपचाराचा शतकातील बहुधा सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध म्हणून गौरव केला तो १९७८मध्ये. महालनबीसांना पद्मविभूषण मिळाले २०२३मध्ये, त्यांच्या निधनानंतर काही महिन्यांनी. तीच पुडी आज गावोगावच्या औषधांच्या दुकानांत मिळते. तरीही बाटली टांगून सलाईन ‘लावल्या’शिवाय उपचार झाल्याचे समाधान न मिळणारे रोगी काही कमी नाहीत.